केबल टीव्ही सिग्नल: लाइनची आखणी आणि बिघाड शोधणे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न (नाशिक)

हे पान लाइनवर काम करणाऱ्या मुलांसाठी, लोकल केबल ऑपरेटरसाठी आणि सोसायटीच्या कमिटीत ‘केबलचं तुम्हीच बघा’ असं ज्यांच्या गळ्यात पडलं आहे त्यांच्यासाठी आहे. खाली लेव्हलचे जे आकडे आहेत ते डीबी मायक्रोव्होल्टमध्ये आहेत. नुसतं ‘डीबी’ म्हटलं आहे तिथे तोटा, गेन (ॲम्प्लिफायरने केलेली वाढ) किंवा एमईआर (सिग्नलच्या शुद्धतेचं माप) समजावं.

चित्र अडकतं, तुकडे पडतात, आवाज तुटतो. सुरुवात कुठून करायची?

शिडी लावण्याआधी चौकशी करा. एकाच घरात त्रास असेल तर बिघाड टॅपपासून (मुख्य लाइनमधून घरांना सिग्नल काढून देणारी डबी) सेट-टॉप बॉक्सपर्यंतच्या वायरमध्ये किंवा बॉक्समध्येच आहे. एका मजल्यावरच्या चारही घरांत असेल तर त्या मजल्याचा टॅप बघा. टॅपपासून खालचे सगळे मजले गेले असतील तर त्या टॅपची पुढची बाजू किंवा त्याला लागलेला जोड संशयित. आख्खी गल्ली गेली असेल तर ॲम्प्लिफायर किंवा त्याचा वीजपुरवठा, आणि दोन-तीन कॉलन्या एकदम गेल्या असतील तर नोड (फायबरमधल्या प्रकाशाचा केबल सिग्नल करणारा डबा) किंवा फायबर. दोन फोनवर एवढं कळतं.

मग लाइन अर्धी करत जा. आठ टॅपच्या लाइनवर पहिल्या टॅपपासून एकेक तपासत न जाता चौथ्या टॅपवर मीटर लावा. तिथे रीडिंग नीट असेल तर बिघाड पुढे, नसेल तर मागे. तीन मोजमापांत जागा सापडते.

आणखी एक गोष्ट आधीच वेगळी काढा. पडद्यावर ‘हे चॅनल तुमच्या पॅकमध्ये नाही’ अशा अर्थाचा संदेश असेल तर लाइनला हात लावू नका. सिग्नल पोचला आहे म्हणूनच बॉक्स तो संदेश दाखवतो आहे. ते काम ऑफिसातून होतं.

बॉक्सच्या तोंडाशी सिग्नल किती हवा?

लेव्हल ५५ ते ६५ च्या दरम्यान ठेवा. ५० च्या खाली गेलात तर उन्हाळ्यात किंवा पावसात अडचण येते. ७५ च्या वर गेलात तर बॉक्सचा ट्यूनर दबतो आणि चित्र कमी सिग्नलसारखंच फुटतं. त्यामुळे ‘फुटतंय म्हणजे सिग्नल कमी’ हा समज सोडून द्या.

लेव्हलपेक्षा एमईआर जास्त महत्त्वाचा. ६४ क्वॅमला (क्वॅम म्हणजे डिजिटल सिग्नल पाठवायची पद्धत) घरात किमान ३० डीबी मिळाला पाहिजे, २५६ क्वॅमला ३४. नोडच्या आउटपुटवर ३७-३८ असेल तरच घरापर्यंत एवढा उरतो. ६४ क्वॅम साधारण २४ डीबीला कोलमडतो, म्हणजे ३० वर आपल्याकडे सहा डीबीची शिल्लक राहते.

ही शिल्लक का लागते ते समजून घ्या. ॲनालॉगच्या काळात सिग्नल खालावला की चित्रावर मुंग्या यायच्या, ग्राहक फोन करायचा आणि दुरुस्तीला वेळ मिळायचा. नाशिकचा समावेश डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात होता, त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. तेव्हापासून हा इशारा बंद झाला. दर दहा हजार बिटांमागे दोन चुकली तरी बॉक्स ती स्वतः दुरुस्त करतो आणि चित्र अगदी स्वच्छ दिसतं. त्यापुढे मात्र एक-दोन डीबीत सगळं संपतं. म्हणून ‘चित्र छान आहे’ हा लाइन निरोगी असल्याचा पुरावा धरू नका. मीटरवर दुरुस्तीपूर्व बीईआर (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) बघण्याची सवय लावून घ्या.

बॉक्सच्या मेनूत दिसणारी ‘स्ट्रेंग्थ ८५ टक्के’ ही पट्टी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. दोन घरांची तुलना तिच्यावरून करू नका.

काही चॅनल चालतात, काही चालत नाहीत. यावरून काही ओळखता येतं का?

खूप काही, आणि लाइनमनच्या हातातलं हे सगळ्यात फुकटचं हत्यार आहे. केबलमधून साधारण ११० ते ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत आठ-आठ मेगाहर्ट्झच्या कॅरिअर (सिग्नलच्या पट्ट्या) जातात. एका कॅरिअरमध्ये दहा-पंधरा चॅनल बसतात. म्हणून चॅनल एकेकटी जात नाहीत, घोळक्याने जातात. कुठला घोळका गेला आणि तो कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे आधी लिहून घ्या. तुमच्या हेडएंडची (जिथून सिग्नल निघतो त्या केंद्राची) फ्रिक्वेन्सीवार यादी मोबाइलमध्ये असलीच पाहिजे.

वरच्या फ्रिक्वेन्सी गेल्या, खालच्या ठीक: वायर गरजेपेक्षा लांब आहे, वायरमध्ये पाणी शिरलं आहे किंवा मध्ये जुना स्प्लिटर बसला आहे. ॲनालॉगच्या काळातले ४५० किंवा ५५० मेगाहर्ट्झपर्यंतचे स्प्लिटर जुन्या नाशकातल्या वाड्यांत आणि सिडकोतल्या जुन्या घरांत अजूनही कपाटामागे सापडतात. अंगावर ‘५–१०००’ छापलेलं नसेल तर काढून टाका.

खालच्या फ्रिक्वेन्सी गेल्या, वरच्या ठीक: हे बघून नवखा माणूस गोंधळतो, कारण तोटा नेहमी वरच्या टोकाला जास्त असतो असं त्याला शिकवलेलं असतं. इथे मधली तार नीट टेकलेली नसते. तार आणि सॉकेट यांच्यात केसाएवढी फट असली तरी उंच फ्रिक्वेन्सी ती ओलांडून जाते, खालची अडते. सैल एफ कनेक्टर, आखूड कापलेली तार किंवा ट्रंकच्या (जाड मुख्य केबलच्या) कनेक्टरमधला ढिला स्क्रू शोधा.

मधलाच एखादा पट्टा खचला: कुठेतरी परावर्तन होतं आहे. उघडं टोक, चेपलेली केबल किंवा खराब टॅप. मीटरच्या स्पेक्ट्रमवर लाटा दिसत असतील तर दोन लाटांमधलं अंतर मेगाहर्ट्झमध्ये मोजा. फोमच्या केबलला १२७ भागिले ते अंतर, म्हणजे दोषापर्यंतचे मीटर. लाटा १० मेगाहर्ट्झवर येत असतील तर जागा सुमारे साडेबारा मीटरवर आहे.

७५८ मेगाहर्ट्झच्या वरच्या एक-दोन कॅरिअरच जातात आणि तेही ठरावीक इमारतींत: मोबाइल टॉवर. याचं उत्तर पुढे आहे.

बूस्टर लावला तरी फरक पडत नाही. का?

बूस्टर सिग्नलबरोबर कचराही तेवढाच वाढवतो आणि स्वतःचा थोडा घालतो. एमईआर २५ असलेली लाइन बूस्टरमधून ३५ होऊन बाहेर पडत नाही, २४ होते.

हिशेब साधा आहे. आठ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात निसर्गतः सुमारे ४ डीबी मायक्रोव्होल्टचा गोंगाट असतो. ॲम्प्लिफायरची नॉइज फिगर (तो स्वतः किती गोंगाट घालतो) ८ धरली तर इनपुटमधून १२ वजा केले की त्याचा सी/एन (सिग्नल आणि गोंगाट यांतलं अंतर) मिळतो. इनपुट ७० असेल तर ५८, उत्तम. तोच ॲम्प्लिफायर ४५ वर लावला तर ३३, आणि त्यात मागचा गोंगाट अजून धरलेलाच नाही. म्हणून ॲम्प्लिफायर लाइनच्या मरणाऱ्या टोकाला लावायचा नसतो, सिग्नल जोमात असतानाच लावायचा असतो. घरातल्या टीव्हीमागे बूस्टर लावावा लागतो आहे याचा अर्थ मागे काहीतरी दुरुस्त करायचं राहिलं आहे.

एका लाइनवर एकामागे एक किती ॲम्प्लिफायर चालतील?

नोडनंतर दोन, फार तर तीन. सारखे दोन ॲम्प्लिफायर जोडले की सी/एन ३ डीबीने घसरतो, चार जोडले की ६ ने. गोंगाटापेक्षाही लवकर सिग्नलची विकृती (डिस्टॉर्शन) वाढते, कारण प्रत्येक ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीने चालवायचा मोह होतो. चौथा लावायची वेळ आली तर नोड पुढे आणण्याचा विचार करा. आज फायबर ओढणं हे तीन ॲम्प्लिफायर आणि त्यांचा वीजपुरवठा सांभाळण्यापेक्षा स्वस्त पडतं.

सात मजली इमारत, मजल्यावर चार फ्लॅट. टॅप कसे निवडायचे?

पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, इंदिरानगर, कुठेही हीच इमारत भेटते, म्हणून पूर्ण हिशेब देतो. नेहमी घरापासून मागे मोजत या, आणि सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी धरा. ८६० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे आरजी-६ चा (घरात जाणारी बारीक केबल) तोटा २० डीबी, आरजी-११ चा (तिच्याहून जाड केबल) साडेतेरा.

टॅपपासून टीव्हीपर्यंत २५ मीटर आरजी-६ धरा, तोटा ५. टॅपच्या पोर्टवर ६८ दिले तर बॉक्सला ६३ मिळतात. उद्या घरवाल्याने दुसरा टीव्ही घेऊन टू-वे स्प्लिटर लावला तरी ५९ उरतात. म्हणजे लक्ष्य: प्रत्येक पोर्टला ६७ ते ६९.

गच्चीवर ॲम्प्लिफायर, डक्टमधून आरजी-११ खाली, मजल्यामागे तीन मीटर, म्हणजे ०.४ डीबी. टॅप सगळे फोर-वे. ‘८ चा टॅप’ म्हणजे पोर्टला इनपुटपेक्षा ८ डीबी कमी देणारा, आणि ‘आरपार तोटा’ म्हणजे पुढच्या टॅपकडे जाताना होणारा. आता तळापासून वर:

पहिला मजला: ८ चा शेवटचा टॅप. पोर्टला ६८ हवे म्हणून इनपुट ७६.
दुसरा: ११ चा टॅप, आरपार तोटा ३.५. इनपुट ७९.९, पोर्टला ६८.९.
तिसरा: १४ चा, आरपार २. इनपुट ८२.३, पोर्टला ६८.३.
चौथा: १७ चा, आरपार १.३. इनपुट ८४, पोर्टला ६७.
पाचवा: पुन्हा १७ चा. इनपुट ८५.७, पोर्टला ६८.७.
सहावा: २० चा, आरपार ०.९. इनपुट ८७, पोर्टला ६७.
सातवा: २० चा. इनपुट ८८.३, पोर्टला ६८.३.

गच्चीपासून सातव्यापर्यंत पाच मीटरचे ०.७ मिळवले की ॲम्प्लिफायरचं आउटपुट ८९ येतं. अठ्ठावीस घरांना ८९ पुरतात, १०५ ची गरज नाही. इमारतीत येणारा सिग्नल ७२ असेल तर गेन फक्त १७ डीबी लागतो. आरपार तोटे कंपनीनुसार अर्धा-एक डीबी इकडेतिकडे होतात; हातात जो माल आहे त्याच्या खोक्यावरचे आकडे घालून गणित पुन्हा करा.

खालच्या टोकाचंही बघा. ११० मेगाहर्ट्झला हाच केबलचा तोटा जवळपास एक तृतीयांश असतो. त्यामुळे आउटपुटला ११० वर ८५ आणि ८६० वर ८९ असा चार डीबीचा उतार ठेवा. घरात दोन्ही टोकं एक-दीड डीबीच्या आत जुळतात.

सर्रास जे केलं जातं ते याच्या उलट: सगळ्या मजल्यांना एकाच डीबीचे टॅप, कारण दुकानात तेच होते. मग सातव्या मजल्याला ८० आणि पहिल्याला ५०. वरचे लोक ‘जास्त’ने वैतागतात, खालचे ‘कमी’ने, आणि ॲम्प्लिफायरचा स्क्रू कुठेही फिरवला तरी कोणीतरी एक नाराजच राहतो.

स्प्लिटरचा तोटा किती धरायचा?

टू-वे ४, थ्री-वेमध्ये एका तोंडाला ४ आणि दोन तोंडांना साडेसात, फोर-वे साडेसात, एट-वे ११ ते १२. थ्री-वेचं कमी तोट्याचं तोंड सगळ्यात लांबच्या खोलीला द्या. टॅपचं किंवा स्प्लिटरचं मोकळं तोंड ७५ ओहमच्या टर्मिनेटरने बंद करा. दहा-पंधरा रुपयांची ही टोपी न लावल्यामुळे शेजारच्या पोर्टचा एमईआर दोन-तीन डीबी पडलेला दिसतो. वायर पिळून, टेप गुंडाळून केलेला जोड हा जोडच नव्हे. तिथे ७५ ओहम राहतच नाहीत.

एफ कनेक्टर नीट कसा बसवायचा?

फिल्डवरच्या तक्रारींपैकी मोठा वाटा या एका वस्तूचा आहे, म्हणून सावकाश वाचा.

स्ट्रिपरने दोन टप्प्यांत सोला: टोकाकडची सुमारे ६ मिमी मधली तार पूर्ण उघडी, त्यामागे ६ मिमी पांढरा फोम आणि त्यावरची चंदेरी पन्नी. कटरने किंवा दाताने सोलू नका. मधली तार स्टीलची असते, वरचा तांब्याचा मुलामा ओरखडला की तिथून गंज सुरू होतो, आणि सिग्नल वाहतो तो त्या मुलाम्यातूनच. पन्नीवरची बारीक तारांची जाळी पूर्ण मागे दुमडा. फोमला चिकटलेली ॲल्युमिनिअमची पन्नी मात्र तशीच राहू द्या. बोट फिरवून जाळीचा एकही केस पुढे आलेला नाही हे बघा. तो एक केस मधल्या तारेला टेकला की शॉर्ट.

कनेक्टर सरळ दाबत फोम आतल्या भोकाच्या काठाशी अगदी सपाट येईपर्यंत आणा. फोम मागे राहिला तर परावर्तन, पुढे आला तर तो सॉकेटमध्ये घुसतो. मधली तार नटच्या काठापासून ३ मिमीच्या आसपास बाहेर दिसली पाहिजे. मग कॉम्प्रेशन टूलने दाबा. पक्कडीने चेपायचे कनेक्टर बाहेरच्या कामात वापरू नका, त्यांच्या षटकोनी फटींतून पाणी आत जातं. बसवल्यावर हाताने आवळून वर ११ मिमीच्या पान्याने पाव फेरा. हाताने आवळलेला नट उन्हा-थंडीत दोन महिन्यांत सैल पडतो.

जुना जोड उघडल्यावर मधली तार काळी पडलेली दिसली आणि फोम तपकिरी असेल तर नुसता कनेक्टर बदलून उपयोग नाही. पाणी जाळीतून मागे सरकलेलं असतं. स्वच्छ पांढरा फोम लागेपर्यंत वायर कापत मागे जा. कधी अर्ध्या मीटरवर लागतो, कधी आख्खी वायर बदलावी लागते.

पावसाळ्यातच लाइन का बिघडते? उन्हाळ्यात दुपारीच का?

पावसात पाणी जोडात शिरतं आणि बहुतेक वेळा चूक वायरच्या वळणाची असते. टॅपमध्ये किंवा खिडकीतून आत जाण्याआधी वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे थेंब झोलावरून गळतील, जोडाकडे वाहणार नाहीत. टॅपची तोंडं खाली करून लावा. बाहेरच्या कनेक्टरवर रबरी बूट किंवा स्वतःलाच चिकटणारी रबर टेप वापरा. साधी काळी इन्सुलेशन टेप मे महिन्यात सुटते आणि जूनमध्ये पाणी धरून ठेवते.

दुपारचा त्रास तापमानाचा. दर अंशाला केबलचा तोटा ०.२ टक्क्याने वाढतो. नाशकात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मे महिन्यात पत्र्यावर पडलेली काळी केबल साठ अंशांपर्यंत तापते. पन्नास अंशांचा फरक म्हणजे दहा टक्के. ३० डीबी तोट्याच्या लाइनवर तीन डीबी, तेही प्रामुख्याने वरच्या फ्रिक्वेन्सीला. म्हणून थंडीत सकाळी सेट केलेल्या लाइनला वर तीन डीबीची जागा ठेवा, किंवा लांब लाइनवर आपोआप गेन सांभाळणारा ॲम्प्लिफायर लावा.

पंचवटी, सराफ बाजार, भांडी बाजार या भागात आणखी एक अट. गोदावरीचं पाणी २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये जिथवर चढलं होतं त्या खुणेच्या वर नोड, ॲम्प्लिफायर आणि पॉवर सप्लाय बसवा. तळमजल्याच्या दुकानाच्या शटरवर लावलेला नोड दुरुस्त करायला सोपा असतो हे खरं, पण पुरात गेला तर पाण्याबरोबर चिखलही आत बसतो आणि पुढे तो कधीच भरवशाचा राहत नाही.

ॲम्प्लिफायर सेट करायचा योग्य क्रम कोणता?

आधी इनपुट मोजा, ११० मेगाहर्ट्झच्या आसपासची एक कॅरिअर आणि वरची एक. वरची ६८ ते ७५ मध्ये हवी. मग इक्वलायझर लावून इनपुटचा उतार सपाट करा, त्यानंतर पॅड (लेव्हल ठरावीक डीबीने कमी करणारा तुकडा) लावून लेव्हल आणा, शेवटी आउटपुट टेस्ट पॉइंटवर मोजा. टेस्ट पॉइंट बहुधा २० डीबी कमी दाखवतो, झाकणावर लिहिलेलं असतं. ते न वाचता आउटपुट ‘वाढवलेले’ ॲम्प्लिफायर बरेच सापडतात.

मीटर क्वॅमवरच ठेवा. ॲनालॉगचा जुना मीटर डिजिटल कॅरिअर खरी आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. आणि खोक्यावरचं ‘११० आउटपुट’ हा मोजक्या कॅरिअरवरचा आकडा असतो. साठ कॅरिअर एकत्र आल्या की एकूण ताकद एका कॅरिअरपेक्षा जवळजवळ १८ डीबी जास्त होते. आउटपुट दोन डीबी खाली आणल्यावर एमईआर वाढला तर ॲम्प्लिफायर दबलेला होता असं समजा. ही चाचणी एका मिनिटाची आहे आणि कधी चुकत नाही.

नोडवर फायबरची पॉवर किती हवी?

−२ ते +१ डीबीएम. यापेक्षा कमी झाली की दुहेरी फटका बसतो: प्रकाश १ डीबी घटला की आरएफ २ डीबीने पडतं. नोडखालच्या सगळ्या घरांत लेव्हल सारखीच ६ ने उतरली असेल तर केबल तपासू नका, फायबरमध्ये ३ डीबी कुठे गेले ते शोधा.

बजेटचा नमुना: हेडएंड ते नोड ९ किमी, १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२२, म्हणजे २ डीबी. वन-बाय-एट स्प्लिटर १०.५. चार कनेक्टर मिळून १.२, सहा स्प्लाइस (फायबरचे कायमचे जोड) ०.६. एकूण १४.३. एर्बियम ॲम्प्लिफायरच्या (फायबरमधला प्रकाश वाढवणारा) पोर्टवर १४ डीबीएम असेल तर नोडला −०.३ पोचतात, छान.

कनेक्टर हिरवाच वापरा. निळा कनेक्टर हिरव्यात घातला तर जातो, पण मध्ये फट राहते, तोटा तीन-चार डीबीचा होतो आणि परावर्तनामुळे एमईआर घसरतो. लावण्याआधी प्रत्येक वेळी टोक पुसा. डब्यात पिगटेल (कनेक्टर लावलेला फायबरचा तुकडा) कोंबताना वळणाची त्रिज्या ३० मिमीपेक्षा कमी करू नका. फायबर वाकली की १५५० चा प्रकाश १३१० पेक्षा जास्त गळतो. म्हणून ओटीडीआरने (फायबरमधला दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) दोन्हींवर मोजा: १३१० वर ठीक आणि १५५० वर पायरी दिसली तर ती वाकलेली जागा, तुटलेली नाही.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर खोदकाम असताना ज्यांच्याकडे मार्गाचा नकाशा आणि प्रत्येक जॉइंटचं ओटीडीआर अंतर लिहिलेलं आहे, त्यांना कट तासाभरात सापडतो.

चालू फायबरच्या टोकात डोकावू नका. हा प्रकाश दिसत नाही, डोळ्याला इजा मात्र करतो.

टॉवरजवळच्या इमारतींत वरचे चॅनल फुटतात. टॉवर हलवता येत नाही, मग?

मोबाइलची फोर-जी आणि फाइव्ह-जी सेवा ७५८ ते ८०३ आणि ८६९ ते ८९४ मेगाहर्ट्झवर टॉवरकडून येते, हँडसेट ७०३–७४८ आणि ८२४–८४९ वर बोलतो. केबलची जाळी सगळीकडून बंद असेल तर बाहेरचं काही आत येत नाही. येतं आहे म्हणजे जाळी कुठेतरी उघडी आहे: सैल कनेक्टर, प्लॅस्टिकच्या अंगाचा स्प्लिटर, टीव्हीमागची विरळ जाळीची तयार वायर.

शोधायची रीत: घराची वायर टॅपवरून काढा, टॅपकडच्या टोकाला टर्मिनेटर लावा आणि बॉक्सकडच्या टोकाला मीटर. लाइन तोडलेली असूनही ७६० च्या वर काही दिसत असेल तर गळती त्याच वायरमध्ये. तीन थरांच्या किंवा चार थरांच्या जाळीची आरजी-६ आणि कॉम्प्रेशन कनेक्टर लावल्यावर बहुतेक घरं सुटतात. तरीही एखादा पट्टा त्रास देतच राहिला तर हेडएंडला सांगून तिथली कॅरिअर दुसरीकडे हलवून घ्या.

वायरला हात लावला की झिणझिण्या येतात. धोका आहे का?

दोन शक्यता आहेत आणि त्या वेगळ्या करायलाच हव्यात. टू-पिन प्लगच्या बॉक्स-टीव्हीच्या पॉवर सप्लायमधून अतिशय कमी करंट जाळीवर येतो. मल्टीमीटर जाळी आणि अर्थिंगमध्ये ९०–११० व्होल्ट दाखवतो, झिणझिण्या येतात, पण ताकद नसते. दुसरी शक्यता जीवघेणी: कुठेतरी फेज थेट जाळीला लागला आहे.

त्या घरातल्या टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढा. व्होल्टेज ९०–११० चंच होतं आणि प्लग काढल्यावर गेलं तर पहिला प्रकार. एरवी वायर सोडून द्या, इमारतीचा पुरवठा बंद करायला लावा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. विजेच्या खांबावरच्या तारांना घासून जाणारी ड्रॉप (टॅपवरून घराकडे जाणारी वायर) हे याचं नेहमीचं कारण. टॅपच्या आणि ॲम्प्लिफायरच्या अंगाला अर्थिंग करा, ती पाण्याच्या पाइपला नव्हे, इमारतीच्या अर्थिंगला. घरात आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन वीज अडवणारा जोड) लावला की ग्राहकाच्या झिणझिण्या थांबतात.

वीज कडाडली की बॉक्स जळतात. काय करावं?

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात हे जास्त होतं. गच्च्यांवरून लोंबणाऱ्या लांब केबल सर्ज गोळा करतात. प्रत्येक इमारतीत शिरताना जाळी अर्थिंगला जोडा आणि ॲम्प्लिफायरच्या इनपुटला गॅस ट्यूबचा सर्ज प्रोटेक्टर लावा. वीज थेट पडली तर कशाचाच उपयोग नाही. गडगडाट सुरू होण्याआधीच ग्राहकाने प्लग आणि केबल दोन्ही काढणं हाच खात्रीचा उपाय. फक्त प्लग काढून भागत नाही. इमारतीपर्यंत फायबर घेतली तर केबलकडून येणारा धोका जवळजवळ संपतो.

ॲम्प्लिफायर मधूनच बंद पडतात. लाइनमधून ६० व्होल्ट दिले आहेत.

शेवटच्या ॲम्प्लिफायरवर चालू लोडमध्ये व्होल्टेज मोजा. ४० च्या जवळ असेल तर तेच कारण. स्विचिंग सप्लाय व्होल्टेज घटलं की करंट जास्त ओढतो, करंट वाढला की लाइनमध्ये आणखी व्होल्ट पडतात. ५४० ट्रंकचा जाण्यायेण्याचा रोध किलोमीटरला सुमारे ५.३ ओहम. ३०० मीटरवर तीन अँपिअर गेले तर ४.८ व्होल्ट पडतात. आरजी-११ मधून हा पुरवठा नेऊ नका, तिची स्टीलची तार फार रोध करते. पॉवर सप्लाय लाइनच्या मध्यावर ठेवला तर दोन्हीकडचा पडाव निम्म्याहून कमी होतो.

मीटरवर सगळ्याच कॅरिअरवर सारखी, शंभर हर्ट्झची डगमग दिसली तर पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर बदला.

घरापर्यंत फायबर घेतली तर टॅपची कटकट संपते का?

बाहेरची संपते. इंटरनेट १४९० आणि १३१० नॅनोमीटरवर, टीव्ही १५५० वर, एकाच फायबरमधून. घरातल्या छोट्या नोडला −८ ते −२ डीबीएमच्या दरम्यान मिळेल असं स्प्लिटिंग ठेवा. −१० च्या खाली एमईआर वेगाने उतरतो. छोट्या नोडपासून टीव्हीपर्यंतची आरजी-६, स्प्लिटर आणि कनेक्टर मात्र तेच राहतात, आणि तिथे वरचे सगळे नियम तसेच लागू होतात.

लाइनमनच्या पिशवीत किमान काय असावं?

एमईआर आणि बीईआर दाखवणारा क्वॅम मीटर, ऑप्टिकल पॉवर मीटर, स्ट्रिपर, कॉम्प्रेशन टूल, ११ मिमीचा पाना, मल्टीमीटर, टेस्टर, पंचवीस कनेक्टर, दहा टर्मिनेटर, ३, ६ आणि १० डीबीचे पॅड, फायबर पुसायचा क्लीनर, रबर टेप, सेफ्टी बेल्ट. त्याबरोबर एक वही: प्रत्येक ॲम्प्लिफायर आणि शेवटच्या टॅपचं रीडिंग, तारीख आणि साधारण तापमान. मागच्या वर्षी तिथे किती होतं हे माहीत असेल तरच आजचे ६१ चांगले की वाईट ते सांगता येतं.